दारू सुटली, मित्रही सुटले

ताई, माझं वय ४१. घणसोली गावात राहतो, राबाळे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे. सतरा-अठरा वर्षं प्यायलो. शेवटी पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून आलो. त्याला आता चार महिने झाले, थेंब घेतलेला नाही. पण बोलायला कुणी उरलं नाही. ज्यांच्याबरोबर बसायचो ते सगळे पिणारे. त्यांच्यात गेलो तर बाटली, नाही गेलो तर घरात टीव्ही. मी दारातून आत आलो की बायको आधी वास घेते, मग पाणी देते. आई दासबोधाच्या बैठकीला जाते, मलाही चल म्हणते. केंद्रात सांगितलं होतं की एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या, मीटिंगला जात जा. पण तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? पुढच्या महिन्यात पुतणीची हळद आहे. भाऊ म्हणतो, सख्खा काका नसला तर लोक काय म्हणतील? आमच्याकडे हळदीच्या रात्री काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि एक विचारतो, मीटिंगला जाऊन काहीच बोललो नाही तर चालतं का?
— घणसोलीहून एक वाचक

दादा,

तुमच्या पत्रात दारूवर जेमतेम दोन ओळी आहेत, बाकी सगळं पत्र माणसांबद्दल आहे. मित्र, बायको, आई, भाऊ, पुतणी, आणि मीटिंगमध्ये भेटेल अशी भीती वाटते तो कुणी ओळखीचा. म्हणून मीही माणसांबद्दलच लिहिते.

शिफ्ट सुटल्यावर तुम्ही चौघं-पाचजण बसायचात तेव्हा तिथे नुसती दारू नव्हती. साहेबाला शिव्या घालायला जागा होती. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या घराचा हप्ता, कुणाचं जमिनीचं भांडण, सगळं त्या टेबलावर निघायचं. ‘आज का नाही आलास?’ असं विचारणारं कुणीतरी होतं. केंद्रात गेलात तर तिथेही माणसं मिळाली. एकत्र उठायचं, एकत्र जेवायचं, गटात बसून बोलायचं. मग ३५ दिवसांनी बॅग उचलून घरी आलात आणि ते सगळं एका दिवसात बंद झालं. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ तुम्हाला खायला उठतो, त्यात नवल काहीच नाही. दारू जाऊन रिकामा झालेला वेळ भरायला कुणी आलेलंच नाही.

आता बायकोचं. ती वास घेते याचा तुम्हाला राग येतो हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून दिसतं. सतरा वर्षांची सवय तिचीही आहे, ती चार महिन्यांत कशी जाईल? ते तिच्यावर सोडा. माझा मुद्दा वेगळा आहे. समजा आज पगार झाला, स्टेशनबाहेर जुना दोस्त भेटला आणि तलफ आली. घरी येऊन बायकोला म्हणाल का, की आज प्यावीशी वाटली? नाही म्हणणार. म्हणालात तर तिची रात्रीची झोप जाईल, उद्या ती तुमच्या खिशातले पैसे मोजेल, परवा सासूला सांगेल. म्हणजे जे बोलायची सगळ्यात जास्त गरज आहे तेच तिच्याशी बोलता येत नाही. दोष तिचाही नाही, तुमचाही नाही. ज्याचं सगळं आयुष्य तुमच्या न पिण्यावर टांगलेलं आहे, त्याला ही गोष्ट शांतपणे ऐकता येत नाही. तुम्हाला असा माणूस हवा, जो हे ऐकून म्हणेल, ‘हो का? मला परवा आली होती. चहा घेतला, घरी गेलो.’ आणि हे बोलताना त्याचा श्वास वरखाली होणार नाही.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं तेच या गरजेतून, आणि तेव्हा त्या माणसाची अवस्था बरीचशी तुमच्यासारखी होती. १९३५ सालची गोष्ट. बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस, दारू सुटून पाच महिने झालेले. कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन या गावी गेला आणि तिथे तो व्यवहार फिसकटला. खिशात पैसे बेताचे, परकं गाव, शनिवार-रविवार समोर, आणि हॉटेलच्या लॉबीत उभा असताना एका बाजूला बारमधला आवाज ऐकू येतोय. दुसऱ्या बाजूला चर्चची यादी लावलेली होती. त्याने त्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली, मला एखादा दारुडा गाठून द्या म्हणून! वैद्य मागितला नाही, पाद्री मागितला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बॉब नावाच्या एका सर्जनशी गाठ पडली, तोही पक्का पिणारा. बॉब पंधरा मिनिटं देतो म्हणून आला आणि तासन् तास बसला. पुढे १० जून १९३५ ला डॉक्टर बॉबने शेवटची दारू घेतली, तोच दिवस एएचा स्थापनादिन धरतात.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की बिल त्या दिवशी बॉबला वाचवायला गेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. तुम्ही मीटिंगला गेलात तर तिथल्या माणसांवर उपकाराचं ओझं टाकताय असं अजिबात समजू नका. दहा वर्षं न प्यायलेला माणूसही तिथे नव्याची वाट बघत बसलेला असतो, कारण नव्याशी बोललं की त्याचा स्वतःचा दिवस नीट जातो.

आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथेही हेच दिसतं. तिथले अनेक कार्यकर्ते कधीकाळी स्वतः उपचार घ्यायला आलेले आहेत. पेशंटला खोटं बोलायची सोय राहत नाही, कारण समोरच्याने ती सगळी खोटी आधीच बोलून झालेली असतात.

तर मीटिंग कशी असते ते सांगते. एएच्या काही मीटिंगा खुल्या असतात, तिथे घरच्यांना आणि आमच्यासारख्या समुपदेशकांनाही बसता येतं. बंद मीटिंगला फक्त पिणारे किंवा सोडलेले. खुल्या मीटिंगांना मी बसलेली आहे. बोललेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून फक्त दिसलेलं सांगते. शाळेचा वर्ग. बाक इतके बुटके की मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. फळ्यावर दुपारच्या तासाचा लसावि-मसावि तसाच. खिळ्याला बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या एएच्या बारा टप्प्यांचा, तक्ता लटकवलेला. मागच्या बाकावर चहाचा थर्मास, कागदी कप आणि पार्ले-जीचा पुडा, त्याची जबाबदारी एकाकडे, आणि तो ती लग्नातल्या वाढप्याच्या गांभीर्याने सांभाळतो. रिक्षाचा खाकी शर्ट घातलेला एकजण, शेजारी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला एकजण. जो बोलतो तो आधी आपलं नाव सांगतो, नुसतं पहिलं, आडनाव नाही, आणि मी अल्कोहोलिक आहे म्हणतो. बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. तो बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, ‘असं करायला हवं होतंस’ म्हणत नाही. ही गोष्ट आपल्या मराठी माणसाला पचायला जड जाते खरी! फी नसते. एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही.

कुणी ओळखीचं भेटलं तर? भेटलं तर तोही तिथे त्याच कारणासाठी आलेला असेल ना! तो उद्या गावात जाऊन काय सांगणार, की हा मला एएच्या मीटिंगला दिसला? मग तू तिथे काय करत होतास, हे पहिलं विचारतील. शिवाय स्पष्टच बोलते, राग मानू नका. तुम्ही प्यायचात तेव्हा अर्ध्या घणसोलीने पाहिलेलं आहे, रिक्षावाल्यांनी उचलून घरी आणलेलं असणार. पिणं चारचौघांत आणि सोडणं मात्र चोरून, हा उलटा कारभार झाला. तरीही पहिल्या दिवशीचा संकोच मला समजतो. मग घणसोलीच्या जवळची मीटिंग धरू नका. राबाळे, ऐरोली, दिघा गाव सोडून ठाण्याला उतरा, स्टेशनवरच्या गर्दीत तुम्हाला कोण विचारतोय? ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईत एएचे बरेच गट आहेत, मराठी आणि हिंदीत बोलणारेही. वार, वेळ आणि पत्ता एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर मिळतो. शिफ्टमुळे जमत नसेल त्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंग असते. पण ऑनलाइनवर भागवू नका. मोबाइलवर कॅमेरा बंद करून जेवता येतं, बुटक्या बाकावर बसून नाही.

आणि तुम्हाला वाटतं तसे तुम्ही एकटे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक त्यात निघाले. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळालेले. तुम्ही त्या एकात आहात. उरलेल्या सदतीसांतले दोन-तीन तुमच्या गल्लीतही असतील, आणि त्यांच्यातला एखादा तुमच्यावर लक्ष ठेवून असेल, की हा टिकतो का बघू.

आईच्या बैठकीबद्दल विचार करून लिहिते, कारण तुमच्या भागात बैठकीने आणि वारकऱ्यांच्या माळेने किती घरांतली दारू गेली आहे ते मी पाहिलेलं आहे. दासबोधाचं निरूपण ऐकून, माळ घालून वर्षानुवर्षं टिकलेली माणसं आहेत. तुम्हाला ओढ वाटत असेल तर आईबरोबर जरूर जा, त्या माऊलीलाही बरं वाटेल. एवढंच, की बैठकीत तुम्ही ऐकायला बसता. ‘काल मी वाइन शॉपसमोर पाच मिनिटं उभा होतो’ हे सांगायची ती जागा नाही. माळ घातलेल्या माणसाला तर हे कुणापुढेच बोलता येत नाही, माळेचा मान राखायचा असतो. म्हणून बैठक हवी तर बैठकही करा, पण बोलायची जागा वेगळी ठेवा. उलट बाजूनेही एक सांगते. एएमध्ये देवाचं, श्रेष्ठ शक्तीचं नाव येतं, त्यावरून काहीजण पहिल्याच दिवशी बिचकतात. ज्याला जसा समजला तसा देव, असं त्यांच्या पायऱ्यांतच लिहिलंय. नास्तिकही तिथे चहा पिऊन सोबर राहिलेले आहेत.

चार-पाच मीटिंगा झाल्या की एखादा माणूस तुम्हाला आपला वाटेल. वयाने, कामाने, किंवा नुसताच. त्याला विचारा, माझे स्पॉन्सर व्हाल का? तुमच्या आधी सोडलेला, पायऱ्या केलेला, रात्री अकराला फोन उचलणारा माणूस म्हणजे स्पॉन्सर. पुरुषाने पुरुष धरावा, बाईने बाई, असा तिथला रिवाज आहे. फोन फक्त तलफ आल्यावर करायचा असं ठेवलंत तर त्या दिवशी हात धजणार नाही. आधी साध्या दिवशी करा. जेवलास का, शिफ्ट कोणती, एवढंही पुरतं. तिथले जुने लोक चार गोष्टींना फार जपतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तुमची सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा या चारही एकदम हजर असतात, म्हणून तो फोन शिफ्ट सुटल्यावर स्टेशनकडे चालताना लावा.

आता हळद. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे. काका म्हणून तुम्ही जायलाच हवं आणि रात्री तिथे थांबायला अजिबात नको, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग दिवस वाटून घ्या. सकाळपासून जा. मांडव, देवक, पाहुण्यांची गाडी, भटजी, जेवणाचा हिशोब, जे भाऊ सांगेल ते अंगावर घ्या. धवलारीण गायला बसेल, पुतणीला हळद लागेल, तिच्या गालाला तुमचा हात लागू दे, फोटो काढा. अंधार पडून डीजे सुरू झाला आणि मंडळी मांडवामागे सरकायला लागली की तुम्ही निघा. निरोप घेत फिरू नका, निरोपातच माणूस अडकतो. भावाला मात्र आधीच बसवून सांगा, आठ वाजता मी जाणार, मला कुणी थांबवलं तर तू मध्ये ये. सख्खा भाऊ एवढं करेल. नाही केलं तरी निघायचंच. बायकोला आणि मुलांना रात्री थांबायचं असेल तर थांबू दे, तुमच्यासाठी त्यांची हळद बुडवू नका.

‘एक घे रे, पुतणीची हळद आहे, एकाने काय होतंय’ म्हणणारा भेटणारच. त्याच्याशी वाद घालू नका, व्यसनमुक्तीवर भाषण तर नकोच. ‘डॉक्टरने बंद केलीय’ म्हणा आणि मुलांच्या पंगतीत जाऊन वाढायला लागा. हातात ग्लास तुमचा तुम्ही भरलेला हवा, कुणी आणून दिलेलं थंड पेय घेऊ नका. केंद्रातून डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर हे फारच महत्त्वाचं. त्या गोळीवर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. गंमत म्हणून कुणी मिसळलेला घोटही पुरतो. आणि हळदीपुरती दोन दिवस गोळी चुकवायचा विचार मनात आला असेल तर ऐका, तिचा परिणाम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. त्या रात्री घरी पोहोचलात की स्पॉन्सरला फोन लावा. अजून स्पॉन्सर झाला नसेल तर त्याच संध्याकाळची ठाण्याची एखादी मीटिंग आधीच हेरून ठेवा आणि मांडवातून थेट तिकडे जा. अंगावर हळद असली तरी चालेल, तिथे कुणी हसणार नाही. आगरी-कोळी गावांतून हळदीतल्या दारूविरुद्ध आता आवाज उठायला लागलाय, त्यात तुमचाही आवाज असावा असं मला वाटतं, पण यंदा नको. यंदा स्वतःपुरतं बघा.

समजा घसरलातच. एएमध्ये त्याला स्लिप म्हणतात आणि तिला शिक्षा नसते. त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी फोन करायचा, संध्याकाळी मीटिंगला जाऊन सांगायचं. लाजेने आठ दिवस तोंड लपवलंत तर एका ग्लासाचे आठ दिवस होतात. आणि तसे सलग आठ-दहा दिवस प्यायलात, तर घरी बसून एकदम बंद करू नका. दीर्घकाळ प्यायलेल्या माणसाने अचानक थांबवलं की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन माणूस बरळू लागतो. हे बाहेरचं काही नाही आणि अंगाऱ्याने जात नाही. लगेच दवाखान्यात न्यायचं. ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून ठाण्यात काम करते, समुपदेशन तिथे मिळेल. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी खास १४४४६ आहे. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला, नाव मात्र काहीही द्या.

बायकोलाही माणसं हवीत. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केलं, त्याचे गट आपल्याकडेही आहेत. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. तिला जा म्हणून फर्मान सोडू नका. माहिती द्या आणि ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी मुलांचं जेवण तुम्ही बघा. तुमच्याशिवाय दुसरं काही बोलायला मिळालं की तिचं ते वास घेणंही हळूहळू कमी होईल.

जुन्या मित्रांतल्या सगळ्यांना तोडायची गरज नाही. त्यांच्यात एखादा असा असतो, जो सकाळी दहाला चहाला भेटला तरी गप्पा मारतो. त्याला सकाळी दहालाच भेटा. क्रिकेटची टीम असेल तर खेळा, मॅच संपली की घरी या.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. हो, चालतं. तुमच्यावर वेळ आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणायचं, पुढचा बोलायला लागतो. पहिले कित्येक आठवडे गप्प बसलेली माणसं आहेत. फक्त मीटिंग संपली की तसेच पळू नका. चहा होईपर्यंत थांबा आणि निघताना निदान दोघांचे फोन नंबर घ्या.